माझी दुसरी किल्ली

मी एक जुनी काळी-पिवळी टॅक्सी आहे. विक्रोळीला एका कुंपणात विटांवर उभी आहे. मित्रांनो, स्वभावाने मी संशयी. तीन मालकांनी मला विकताना माझा गंज रंगाखाली लपवला, मग कुणावर विश्वास ठेवायचा?

१९८६ साली वाकोल्याच्या गुणाजीने मला घेतले. गिरणी सुटल्यापासून त्याच्या हाताला काम नव्हते. आता घर चालणार होते ते माझ्यावर. पैसे पुरेसे नव्हते, म्हणून चंद्रप्रकाश नावाच्या फायनान्सवाल्याने हप्ते बांधून दिले. त्याने पेढा दिला आणि माझ्या दोन किल्ल्यांपैकी एक स्वतःच्या खिशात टाकली.

"हप्ते फिटेपर्यंत गाडी आमची, भाऊ. रीतच आहे."

"हप्तो लहान दिसता," गुणाजीची बायको सुगंधा म्हणाली, "पण किती वर्सां भरूचो?"

"चार फक्त."

तो पेढा मला तेव्हाच खटकला.

त्याहून जास्त खटकला विद्याधर. गुणाजीच्याच चाळीतला विमा एजंट. तो म्हणाला, "स्वस्तातल्या विम्यात फक्त समोरच्याची भरपाई होते. तुझी गाडी मोडली तर दमडी मिळणार नाही. पूर्ण विमा घे." तोच महाग होता! मी मनात म्हटले, याचे कमिशन बोलते आहे. गुणाजीलाही तसेच वाटले असावे, पण त्याने मुकाट्याने पूर्ण विमा घेतला.

ते वर्ष झकास गेले. सांताक्रूझच्या विमानतळावरचे प्रवासी माझ्या चकचकीत काचा पाहून खूश होत. गुणाजी रोज सकाळी मला पुसायचा. इतके लाड माझे कुणीच केले नव्हते.

मग विम्याची मुदत संपत आली. विद्याधर तीनदा दारात आला.

"गुणाजी, शुक्रवारी संपतोय रे!"

"सध्या पितृपक्ष चालू आसा. नव्या कामाक हात लावूचो नाय. घटस्थापनेक बघू."

"अरे, नवं कसलं? जुनंच पुढे चालू ठेवायचंय."

गुणाजी ऐकेना. मीही मनातल्या मनात त्याचीच बाजू घेतली. एवढ्या चकरा मारतो म्हणजे याचा काहीतरी डाव असणार!

सोमवारी स्टँडवर एक ट्रक मागे येता येता माझ्यावर आदळला आणि पळून गेला. माझे इंजिन आत घुसले. गुणाजी बाहेर चहा पीत होता म्हणून वाचला.

मला ओढून चाळीसमोर आणल्यावर त्याने विद्याधरचे हात धरले. "विम्यावर शुक्रवारची तारीख टाक ना रे."

"कशी टाकू? तीनदा आलो होतो ना मी!" विद्याधर तिथेच चाळीच्या पायरीवर बसला आणि डोळे पुसू लागला. मित्रांनो, मला माझी लाज वाटली.

दुरुस्तीला पैसे नव्हते, आणि मी बंद म्हणजे कमाई बंद. तीन हप्ते थकले. चंद्रप्रकाशची माणसे दोरखंड घेऊन आली. गुणाजीने किल्ली पुढे केली, तर ते म्हणाले, "ठेव तुझ्याकडे. आमच्याजवळ आहे." त्यांनी दुसऱ्या किल्लीने माझे दार उघडले.

मित्रांनो, संशय जरूर घ्या, कागदही नीट वाचा. पण कुणी मुदतीची आठवण करायला तीनदा दारात आले, तर त्याला परत पाठवू नका. मला ओढून विक्रोळीच्या या कुंपणात आणण्याआधी गुणाजीने माझी फुटकी काच पुसली होती, नेहमीसारखी.