सिमेंटच्या गच्चीवर माती

आमची सिमेंटची गच्ची झाली तेव्हा सासऱ्यांनी, म्हणजे नानांनी, तिच्यावर चाळीस माणसं नाचवली. गच्ची हलली नाही. नानांनी गल्लीत पेढे वाटले. १९३८ साल, जळगावात अशा गच्च्या तेव्हा थोड्याच.

मला तो नाच तेव्हाही पटला नव्हता. घटकाभर सोसणं निराळं आणि वर्षानुवर्षं सोसणं निराळं, हे कळायला कॉलेजही लागत नाही.

पुढच्या उन्हाळ्यात नानांनी, जुन्या घरांच्या मातीच्या धाब्यावर टाकत तशी, गच्चीवर पांढरी माती टाकली. पावसाळ्यात मधोमध पाणी साचलं. खळगा पडला म्हणून दुसऱ्या वर्षी तिथं आणखी माती. आणि खाली, त्याच मधोमध, कडीला बाळाचा पाळणा.

मी समोरासमोरच्या भिंतींत, छताखाली चार बोटांवर, खिळे ठोकून ताणून दोरा बांधला. दसऱ्याला मधे दोरा आणि छत यांत तीन बोटं जागा होती. संक्रांतीला अडीच. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, दोन. आणि नाना मातीची गाडी सांगून आले. मी झुलाल मिस्त्रीला बोलावलं. गच्ची त्यानेच बांधलेली.

"मधमा प्लास्टर जाड लागनं व्हई, वहिनी."

"दसऱ्यापासून जाड होत चाललंय? पोरासारखं वाढतं वाटतं प्लास्टर."

"सिमेंट म्हनजे दगड शे. दगड वाकस का?"

"ओझं बसून राहिलं की वाकतो, हळूहळू. नकाशात धरलं होतं का ते? आणि माती?"

"नकाशामा माती कशी ऱ्हाई? माती नानानी टाकी."

नाना हसले. "सूनबाई, चाळीस माणसं नाचली होती हो."

"नाचून खाली उतरली, नाना. माती दोन वर्षं बसून आहे."

मी पाळणा सोडला, बाळ सासूबाईंच्या मांडीवर दिलं, पदर खोचला आणि फावडं घेऊन वर गेले. पहिलं घमेलं गल्लीत पडलं तशी माणसं जमली. तोताराम नानांची सून माती उपसतेय, ही गंमत फुकटची. नाना खालून ओरडत राहिले. बऱ्याच वेळाने झुलाल वर आला आणि त्याने माझ्या हातातलं घमेलं घेतलं.

माती गेली. महिन्याने दोरा पाहिला: दोनाची सव्वादोन बोटं. बाकीचा बाक तसाच राहिला, राहणारच.

"बघ, पडली का गच्ची?" नाना अजून विचारतात. जणू ती पडली असती, तरच मी खरी ठरले असते.

पाळणा मी ओसरीवर टांगला आहे.