सात नंबरचे पाहुणे

पाहुणे यायचे होते शुक्रवारी संध्याकाळी, आणि ड्रायव्हर खिडकीत उभा होता सकाळपासून. तसं त्याला खिडकीत उभं राहायला पाहुण्यांचं निमित्त लागत नव्हतं म्हणा. रिटायर होऊन वर्ष झालं, त्या वर्षात त्याने दुसरं केलं काय? घरासमोर पाण्याची टाकी, टाकीखाली सात नंबरच्या बसचा थांबा. ही सात नंबर त्याने एकतीस वर्षं चालवली. आता बस आली की तो मनगट डोळ्यांसमोर धरायचा आणि शेजारच्या घरात ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणायचा, "तीन मिनिटं लेट!"

"असू दे लेट. तुम्हाला कुठे जायचंय?" आतून बायको विचारायची. ती घरीच शिवणकाम करायची. दिवसभर मशीनची घरघर, आणि वर नवऱ्याची टकळी. बसमध्ये 'ड्रायव्हरशी बोलू नये' अशी पाटी होती, आणि एकतीस वर्षांचं ते सगळं साठलेलं बोलणं आता एकट्या बायकोच्या डोक्यावर ओतलं जात होतं. "तुम्हाला एक माणूस आणून दिला पाहिजे बोलायला," ती म्हणायची. "माझे कान माणसाचेच आहेत हो."

आणि माणूस मिळण्याची वेळ आली होती. वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या रिकाम्या झाल्या होत्या. घरमालक दातांचे डॉक्टर. ते म्हणाले होते, "तुमचे मित्र येणार असतील तर सोमवारपर्यंत थांबतो. मग दुसरं गिऱ्हाईक बघतो."

हे मित्र म्हणजे मास्तर. पहिलीपासून ड्रायव्हरच्या बाकावर बसलेले, पुढे दुसऱ्या गावी गणित शिकवून शिकवून रिटायर झालेले. त्यांची बायको नर्स. सगळे तिला सिस्टरच म्हणायचे. दोघं राहायची ती खोली सिस्टरच्या दवाखान्याची, आणि सिस्टरचीही नोकरी संपल्यामुळे महिन्याभरात सोडायची होती. जायचं कुठे? सिस्टरच्या बहिणीने मोठ्या शहरात अकराव्या मजल्यावर फ्लॅट बघून ठेवला होता. इकडे ड्रायव्हरने वरच्या खोल्या बघून ठेवल्या होत्या. मास्तरांना विचारलं तर ते फोनवर म्हणाले, "ती म्हणेल तिथे." गणिताचा माणूस, उत्तर आधीच काढून बसलेला.

म्हणजे सगळं काही सिस्टरच्या 'हो'वर अडलेलं. आणि बायकोने ड्रायव्हरला बजावलं होतं, "दोन दिवस खाऊ-पिऊ घाला, गाव दाखवा. पण वरच्या खोल्यांचं नाव काढलंत तर बघा. बाईमाणसाला गळ घातली की ती मुद्दाम नाही म्हणते."

"मी काढतोय कशाला?" ड्रायव्हर म्हणाला आणि जिना झाडायला गेला. फक्त वर जाणारा.

शुक्रवारची रात्र झकास गेली. मासे तळले होते, बटाटे परतले होते, भाताचं पातेलं दोनदा भरलं, आणि शेवटी भलंमोठं थंडगार कलिंगड. मास्तरांनी पाच फोडी खाल्ल्या आणि सहावीकडे बघत म्हणाले, "भागाकार करायचा तर ही एक बाकी उरते." सिस्टरनी ती उचलून ड्रायव्हरच्या ताटात टाकली. ड्रायव्हरला तेवढ्यावरच वाटलं, झालं, जमलं! उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग.

शनिवारी त्याने जावयाची व्हॅन मागून आणली. मागचं दार सरकवायचं, बंद करताना धाडकन आवाज करणारं. मग काय! सिस्टरना त्याने दहा पावलं चालू दिलं नाही. बागेच्या फाटकाला चाक टेकेपर्यंत गाडी नेली. संग्रहालयाच्या पायऱ्यांवर चढवायचीच काय ती बाकी ठेवली.

"आत काय काय आहे हो, भाऊजी?" सिस्टरनी विचारलं.

"आत? बाहेर बघा ना कसला चढ आहे. सेकंड गियरशिवाय बात नाही."

"तुम्ही आत गेलाच नाहीत कधी?"

"मी आत गेलो तर गाडी कोण बघणार?" ड्रायव्हर म्हणाला. हे त्याला अगदी चोख उत्तर वाटलं. हजारो माणसं त्याने त्या दारात उतरवली होती. आत काय आहे ते बघायची त्याच्यावर कधी वेळच आली नव्हती.

मंडईत उतरावं म्हणून सिस्टर दोनदा म्हणाल्या. "उन्हात कशाला? काय हवं ते सांगा, मी आणतो." काचेतून मंडई गेली, दवाखाना गेला, तळंही गेलं. सिस्टर मागे बसून गप्प झाल्या. ड्रायव्हरने आरशात बघितलं आणि मनाशी म्हणाला, किती आरामात बसल्यात!

संध्याकाळी पाणी प्यायला म्हणून तो स्वयंपाकघराशी आला तर आत दोघी कोथिंबीर निवडत होत्या. सिस्टर बोलत होत्या. "ताई, तुम्ही माणसं सोन्यासारखी. पण आज दिवसभर मला पार्सलसारखं वाटलं बघा. आयुष्यभर डॉक्टर सांगतील तिकडे धावले. आता मला वाटेल तेव्हा पिशवी उचलून बाहेर पडायचंय. इथे राहिले तर भाजी आणायचीसुद्धा भाऊजींना हाक मारावी लागणार. बहिणीकडे निदान खाली उतरलं की गाडी मिळते."

ड्रायव्हर पाणी न पिताच मागे फिरला. आता एखाद्या शहाण्याने यातून काय घेतलं असतं? पण याने घेतलं ते भलतंच. त्याला वाटलं, हाक मारावी लागेल याचा संकोच वाटतोय बिचारीला. उद्या असं करू की हाक मारायच्या आधीच गाडी हजर!

रविवारी सकाळी चौघं मनोरा बघायला निघाली. मनोरा गावाच्या टोकाला, सात नंबरचा शेवटून दुसरा थांबा. त्यापुढे फक्त डेपो. ड्रायव्हरने व्हॅन बरोब्बर थांब्याच्या खांबापाशी उभी केली. "उतरा सगळे, मी सावलीत लावून येतो." तिघंही उन्हाने डोळे बारीक करत रिकाम्या हातांनी उतरली. बायकांच्या पर्सा सीटवर, त्यात फोन. मास्तरांचा फोन घरी चार्जिंगला. मास्तरांनी दार ओढलं. धाडकन!

त्या आवाजासरशी ड्रायव्हरचा हात आपोआप गियरवर गेला. डाव्या आरशात नजर टाकली: सगळे उतरले, पायरीवर कुणी नाही. निघाला. जित्याची खोड ती हीच. तोंडाने गुणगुणत, वळणावर रोजच्यासारखा हॉर्न देत तो थेट डेपोच्या फाटकात शिरला, सात नंबरच्या जागेवर गाडी लावली, आणि खिडकीतून हात बाहेर काढला, सहीची वही घ्यायला.

फाटकावरचा वॉचमन त्या हाताकडे बघत राहिला. "साहेब, तुम्ही रिटायर झालात ना?"

ड्रायव्हरने मागे वळून बघितलं. सीटवर दोन पर्सा शेजारी शेजारी बसल्या होत्या.

"अरे देवा!" तो ओरडला. "पाहुणे!"

एकतीस वर्षांत त्याने डेपोतून एवढ्या जोरात गाडी कधी काढली नव्हती. मनोऱ्याशी आला तर खांबाशी चिटपाखरू नाही. सावलीत सरबतवाला लिंबं कापत बसला होता. "ती तिघं ना? गेली की सात नंबरने. ज्यांना 'मास्तर' म्हणत होते, त्या गृहस्थांच्या खिशात सुट्टे निघाले."

ड्रायव्हर घरी धावला. घराला कुलूप. उन्हातान्हात पाहुण्यांना रस्त्यावर टाकून पळाला हा यजमान! सिस्टर रागावून थेट स्टेशनवर गेल्या असणार. अकरावा मजला. संपलं. वरच्या खोल्यांत उद्या कुणीतरी परका येणार, आणि आपण मरेपर्यंत खिडकीत उभं राहून मिनिटं मोजणार. त्याला रडूच यायचं बाकी होतं. करायला गेलो काय आणि झालं काय!

तरी घड्याळाने त्याला सावरलं. दहा वाजून बेचाळीस. म्हणजे बस तळ्यापाशी. पन्नासला मंडई. पंचावन्नला स्टेशन, तिथे नऊ मिनिटं उभी. त्याने व्हॅन वळवली.

स्टेशनच्या थांब्यावर बाकावर तिघं ओळीने बसली होती. तिघांच्या हातात आइस्क्रीम. मास्तरांच्या मिशीला लागलेलं. सिस्टर काहीतरी सांगत होत्या आणि त्याची बायको पोट धरून हसत होती. शेजारी सात नंबरची ड्रायव्हर उभी होती. या मुलीला गाडी यानेच शिकवलेली.

"वहिनी," ड्रायव्हर धापा टाकत म्हणाला, "मी... दार वाजलं आणि... मला काय बोलायचं ते बोला. पण मुद्दाम नाही हो केलं."

"मी सांगितलंच होतं यांना," बायको म्हणाली. "घाबरू नका, डेपोत सही केल्याशिवाय थांबायचे नाहीत!"

ड्रायव्हरने मान खाली घातली. "सहीची वही मागितली मी," तो म्हणाला, आणि मास्तरांचं आइस्क्रीम हसण्यात खाली पडलं.

सिस्टर मात्र उठून त्याच्यासमोर आल्या. "भाऊजी, मला एक सांगा. काल दिवसभर त्या डब्यात कोंबून फिरवलंत, मग ही बस का नाही दाखवलीत?"

"बस? बसने कशाला? पाहुण्यांना कुणी बसने—"

"ताई घरापाशी उतरत होत्या, मीच हात धरून बसवलं. म्हटलं शेवटपर्यंत जाऊ. घरासमोर चढायचं, दवाखाना तिसरा थांबा, मंडई पाचवा. मी मंडईपाशी खाली उतरून काकड्यांचा भाव विचारून परत चढले, ही पोरगी थांबली माझ्यासाठी. म्हणाली, सर म्हणायचे, धावत येणारं माणूस आरशात दिसलं की गाडी हलवायची नाही." त्यांनी थोडा श्वास घेतला. "मागे एक आजोबा बसले होते. ताईंना ओळखून म्हणाले, तुमचे मालक रोज माझ्यासाठी अर्धं मिनिट थांबायचे, कधी बोलून दाखवलं नाही. काय हो, हे का नाही सांगितलंत आम्हाला? नुसता चढ आणि सेकंड गियर!"

ड्रायव्हरने मनगटावरचं घड्याळ चाचपलं. ते अर्धं मिनिट त्याच्या हिशेबी लेटमध्ये जमा होतं; सांगायचं काय त्यात?

दुपारी घरी जेवणं झाली. कोंबडी होती, पाव होता, उरलेलं कलिंगड होतं. वरच्या खोल्यांचं नाव कुणी काढलं नाही. ड्रायव्हर तर जिभेवर दगड ठेवून बसला होता. साडेचारला त्याने किल्ली उचलली. "चला, व्हॅनने स्टेशनवर सोडतो."

"व्हॅन राहू दे," सिस्टर म्हणाल्या. "सात नंबरने जाऊ. तुम्ही दोघंही चला."

टाकीखाली चौघं उभी राहिली. बस आली. ड्रायव्हरने सवयीने मनगट वर केलं, तेवढ्यात बायकोने ते खाली ओढलं. आत चढून तो पुढच्या दांड्याला धरून उभा राहिला. बसायचं कुठे हेच त्याला कळेना. त्या बसमधली एकच जागा त्याला ठाऊक होती, आणि तिच्यावर ती मुलगी बसली होती. सिस्टरनी त्याला दंडाला धरून खिडकीशी बसवलं आणि स्वतः शेजारी बसल्या.

दवाखाना मागे पडला. उतार लागला, उताराच्या तळाशी वळण, इथे नेहमी पोरं सायकली मध्ये घालायची; त्याचा पाय आपसूक ब्रेक दाबायला गेला. ब्रेक नव्हता. म्हणून त्याने खिडकीबाहेर बघितलं. झाडं संपली आणि पाणीच पाणी. पार पलीकडच्या टेकडीपर्यंत. उन्हात चमकणारं, मधोमध दोन होड्या, काठावर कुणीतरी कपडे वाळत घातलेले.

"केवढं मोठं आहे!" तो एकदम म्हणाला.

मागच्या सीटवरून मास्तर पुढे वाकले. "अरे, एकतीस वर्षं रोज याच्या काठाने गेलास ना तू? काखेत कळसा आणि गावाला वळसा!"

"समोर बघत होतो रे," ड्रायव्हर म्हणाला. "इथे वळण आहे. मागे पन्नास माणसं असायची." आणि त्याचे डोळे भरून आले. पाण्यामुळे की कशामुळे कुणास ठाऊक. तळं संपेपर्यंत त्याने मान वळवली नाही.

मग सिस्टर पर्स उघडत म्हणाल्या, "भाऊजी, त्या दातांच्या डॉक्टरांचा नंबर द्या बघू. वरच्या खोल्यांना रंग कुठला द्यायचा ते मी सांगणार आहे."

ड्रायव्हर चपापला. मागे बायकोकडे बघून म्हणाला, "शप्पथ, मी नाव काढलं नाही!"

"माहीत आहे," सिस्टर म्हणाल्या. "काल वरचा जिना बघितला मी. खालचा धुळीने भरलेला आणि वरचा एवढा लख्ख!" आणि त्यांनी पेन काढलं. "दर रविवारी मी सात नंबरने फिरणार. तुम्ही यायचं, पण खिडकीत बसायचं. घड्याळ घरी ठेवून."

"आणि मी?" मागून मास्तरांनी विचारलं.

"तुम्ही दार ओढायचं नाही," ड्रायव्हरची बायको म्हणाली.