लांबच्या फोनवरचे निरोप

मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये लागले तेव्हा परगावी फोन करायचा तर आधी आम्हाला सांगावं लागे. आम्ही मुली उंच खुर्च्यांवर ओळीने बसून समोरच्या बोर्डात वायरी खोचत असू, आणि कुठल्या तरी घरातला आवाज कुठल्या तरी घरात जाऊन पोचत असे. डाव्या कानावर हेडफोन, उजवा कान शेजारणीच्या चहाड्यांसाठी मोकळा. गिऱ्हाइकाने नंबर सांगितला की आपण तो पुन्हा म्हणून दाखवायचा, मगच जोडायचा. तीन मिनिटं झाली की मध्ये शिरून विचारायचं, "वेळ झाली. बोलणं वाढवायचं का?"

लोकांचं बोलणं ऐकायचं नाही, हा कडक नियम. पण मध्ये शिरताना एखादं वाक्य कानावर पडायचंच. अशी लोकांची शेवटची वाक्यं मी जन्मभर ऐकली. त्यांच्या आधी काय बोलणं झालं, ते कधीच कळलं नाही.

त्या वाक्यांवरच म्हातारपणी मी पीएचडी करायला घेतली. हे गेले, मुलगा परदेशी कायमचा राहिला, आणि घरात घड्याळाखेरीज आवाज करणारं कोणी उरलं नाही, तेव्हा. विषय होता, लांबच्या फोनवर माणसं निरोप कसा घेतात. जुन्या ऑपरेटर मैत्रिणी हुडकल्या, त्या काळी फोन करणारी माणसं हुडकली, त्यांना बोलतं केलं. काहीजणी माझं लिहून व्हायच्या आतच गेल्या. विद्यापीठ खूप दूर. प्रवेश, तास, मार्गदर्शन सगळं ऑनलाइन. माझ्या गाइडबाई माझ्या भाचीच्या वयाच्या. त्यांना मी फक्त खांद्यापर्यंत ओळखते. उंच आहेत की बुटक्या, देव जाणे.

शेजारीण म्हणाली, "घरबसल्या डॉक्टर? आमच्या नातवाने घरबसल्या बूट मागवले, तेसुद्धा एक नंबर लहान निघाले हो!"

तिचं मी हसण्यावारी नेलं. दादाचं नेता आलं नाही.

दादा माझा थोरला भाऊ. आमच्या वडिलांना एकालाच पुढे शिकवणं जमणार होतं. तो शिकला, प्राध्यापक झाला, डॉक्टर झाला. मी बोर्डावर बसले. यावरून आमच्यात कधी वाकडं आलं नाही. लहानपणी कोणी काही बोललं की मी ते पुन्हा म्हणायची, म्हणून तो मला पोपट म्हणायचा. नोकरी लागल्यावर म्हणाला, "आता तुला पोपटपंचीचा पगार मिळणार!"

पीएचडीचं फोनवर सांगितलं तेव्हा त्याने आधी विषय विचारून घेतला. मग म्हणाला, "पोपट, अगं, गाइडच्या दारात उभं राहिल्याशिवाय, ग्रंथालयाची धूळ नाकात गेल्याशिवाय कसली गं पीएचडी? पडद्यापलीकडे कोण बसलंय, कोण लिहितंय, कोणाला कळतं?"

"तुझ्या गाइडच्या घरचे पडदे कोणी लावले होते रे दादा?"

"मीच लावले."

"ते कुठल्या प्रकरणात आलं?"

त्याला हसू आलं नाही. "तू खोटं करशील असं नाही म्हणत मी," तो म्हणाला, "पण लोक खरं मानणार नाहीत."

लोकांचं मला काही नव्हतं. पण मला पोपट म्हणणारं आता जगात तेवढं एकच माणूस होतं. त्याने ते खरं मानावं, एवढंच मला हवं होतं. पदवीचा कागद काय, कपाटातच राहणार.

तोंडी परीक्षा चारला होती. ती कोणालाही बघता येते, म्हणून दादाला आधीच लिंक पाठवली होती. "बघू," एवढंच त्याने कळवलं. मी इस्त्रीची साडी नेसले. कमरेखालचं कोणाला दिसणार नव्हतं तरी निऱ्या नीट केल्या. पडद्यावर चौकोन उघडले. समितीच्या अध्यक्षा, गाइडबाई, बाहेरचे एक तरुण परीक्षक. कोपऱ्यात एक काळा चौकोन होता, त्यावर ना चेहरा ना नाव.

परीक्षकांनी पहिला प्रश्न विचारला. मी नेहमीसारखा डावा हात कानाशी नेला, मान कलती केली, प्रश्न पुन्हा म्हटला, क्षणभर थांबले आणि उत्तर दिलं. दुसऱ्या प्रश्नालाही तसंच केलं. तिसऱ्या वेळी परीक्षक गाइडबाईंना हळू आवाजात काहीतरी म्हणाले, मला ते नीट ऐकू आलं नाही, आणि बाईंचा चेहरा पडला.

"बाई, राग मानू नका," परीक्षक म्हणाले. "तुमच्या कानात काय आहे?"

"कानात?" मी म्हटलं. "ऐकायचं मशीन. कमी ऐकू येतं मला."

"तुम्ही प्रत्येक प्रश्न पुन्हा म्हणता. मग कान दाबून थांबता. मग बोलता. गेल्याच महिन्यात असल्या मशीनमधून एकाला कोणीतरी उत्तरं सांगत होतं. पकडला आम्ही."

माझ्या ध्यानात आलं. बोर्डावर जन्म गेला, त्याची ती सवय. समोरून मात्र ती अगदी चोरासारखी दिसत होती. काय बोलू? तोंडातून निघालं, "पकडला तुम्ही?" म्हणजे पुन्हा पोपटच! गाइडबाईंनी कपाळाला हात लावला.

अध्यक्षा मऊ आवाजात म्हणाल्या, "खोलीत आणखी कोणी आहे का, तेवढं दाखवता?"

मी लॅपटॉप उचलून सावकाश फिरवला. पलंग, एका बाजूचीच उशी चेपलेली. टेबलावर एक कप. खुंटीवर यांची छत्री, तिथून ती कोणी काढलीच नव्हती. बंद दार. स्वयंपाकघरात ओट्यावर उपडं घातलेलं एक ताट. एवढा वेळ लावून माझं घर कोणी पाहिलं नव्हतं. आपल्याजवळ कोणी नाही हे सिद्ध करायचं होतं, आणि पुरावा घरभर पडला होता.

"आभारी आहे," परीक्षक खाली बघत म्हणाले. "आणि ते मशीन..."

मी काढून त्यांच्यासमोर टेबलावर ठेवलं.

आवाज गेला. त्यांचे ओठ हलत होते. मग प्रश्न पडद्यावर लिहून येऊ लागले. पहिलाच होता: ऑपरेटरने बोलणं ऐकायचं नसतं, मग तुमच्या निष्कर्षाला आधार काय?

मी बोलू लागले. माझाच आवाज पाण्याखालून यावा तसा येत होता. म्हटलं, मी ऐकलेलं एकही वाक्य प्रबंधात घातलेलं नाही. ज्यांची ती होती त्यांना जाऊन विचारलं. सगळ्यांनी तेच सांगितलं. वेळ संपतेय कळलं की माणूस प्रेमाचं बोलत नाही, 'येतो' म्हणत नाही. काहीतरी बारीकसारीक सांगतो. कडी लावून घे. औषध घेतलंस का. सायकल आत ठेव. सांगायचं ते सगळं त्यातच असतं.

बोलत राहिले. कोणी ऐकतंय की नाही, कळत नव्हतं. हात कानाशी जायचा, मी तो मांडीवर दाबून धरायची. बाहेर ऊन उतरलं. शेवटी पडद्यावर अक्षरं आली, समिती एकमताने शिफारस करते. परीक्षकांनी हात जोडले. गाइडबाई टाळ्या वाजवत होत्या, डोळे पुसत होत्या, सगळं मुक्याने. मग एकेक चौकोन मिटला. काळा चौकोन सगळ्यांत शेवटी गेला.

मी तशीच बसून राहिले. आता कोणाला सांगायचं? मुलाकडे पहाट झालेली नसणार. तेवढ्यात टेबलावर फोन उजळला. मशीन कानात घालून उचलला.

"किती वेळ वाजवतोय! बहिरी झालीस काय?" दादा होता.

"झालेच होते मघाशी."

"पाहिलं मी ते." त्याने घसा खाकरला. "पोपट, निष्कर्ष चुकलाय तुझा. सगळी माणसं सूचना देत नाहीत. आपली आई काहीही न बोलता फोन ठेवायची. तिचं काय? नमुना लहान आहे तुझा."

"चौथं प्रकरण वाच. त्यात आई आहे."

"मला पडद्यावर वाचता येत नाही. छापून पाठव. तळटिपांसकट. मी खुणा करीन, मग रडायचं नाही."

डॉक्टर म्हणाला नाही, अभिनंदन म्हणाला नाही. आपल्या विद्यार्थ्यांशी भांडायचा तसा माझ्याशी भांडत राहिला, आणि मीही सोडलं नाही. मध्ये शिरून वेळ सांगणारं कोणी नव्हतं. पण त्याला दम लागला, मला कळलं. मी थांबले.

"बरं," तो म्हणाला. "मघाशी तू खोली फिरवलीस ना, पार अंधार दिसत होता गं. दिवा लाव."

आणि त्याने फोन ठेवला.

मी उठले आणि दिवा लावला.