डोळ्याखालचा भोवरा

मी बिजली बोलतेय. जातीची घोडी, रंगानं बदामी. हे नाव यास्मीननं ठेवलं. त्याआधी "ए, हट" एवढंच माझं नाव होतं.

अकोल्यात मी वरातीत नाचायचे. पाठीवर बसलेले निम्मे नवरदेव भीतीनं माझी आयाळ धरून डोळे मिटायचे आणि फोटोपुरती छाती काढायचे. पुढं माझा खूर सडला, तसं मालकानं मला बायपासवर सोडून दिलं. जनावरं वाचवणाऱ्या मंडळींनी उचललं आणि त्यांच्याकडून यास्मीननं अमरावतीला आणलं. खूर तिनंच बरा केला.

यास्मीन शाळेत खेळ शिकवते. तिला लांब पल्ल्याच्या घोडदौडीत उतरायचं होतं. या दौडीत नुसतं पळून भागत नाही. मध्ये थांबवून डॉक्टर छातीचे ठोके ऐकतात. वेळेत शांत झाले नाहीत तर घोडा बाद. हे मला कसं माहीत? भिंतीवरून मान काढून दुसऱ्यांचं ऐकायची मला खोडच आहे.

तिच्या अब्बांना, रहमतुल्लांना, मी डोळ्यासमोर नको होते. माझ्या डोळ्याखाली केसांचा भोवरा आहे, त्याला आसूढाळ म्हणतात. अशी घोडी घरात रडणं आणते म्हणे! घरात भांडणं हे करणार, रडणं मी आणणार.

त्यांनी खास दौडीसाठी पैदास केलेला घोडा पारखायला आणला. सुलतान. त्याच्या गळ्यावर देवमन, म्हणजे शुभ भोवरा. सगळा मोहल्ला येऊन तो भोवरा बघून गेला. कुणी दात बघितले नाहीत, खूर उचलून बघितला नाही. केस बघितले! न्हाव्याकडे न्यायचं होतं का त्याला?

"दाणापाणी एकालेच भेटीन," अब्बा म्हणाले. "सुलतान राहीन. थे रडकी जाईन वापस."

"वापस कुठं, अब्बा? तिले कोन ठेवते? आधी दोघाले रिद्धपूरपर्यंत पळवून तं पाहू."

चुलतभाऊ शाकीब सुलतानवर बसला, यास्मीन माझ्यावर. खोटं कशाला बोलू, सुलतानची चाल रेशमासारखी. पण ट्रक दिसला की बिचकला, बकरी दिसली की उधळला. रिद्धपूरला तोच आधी पोचला. मी पोचले तरी त्याच्या बरगड्या भात्यासारख्या हलत होत्या. मी एक पाय सैल सोडला आणि डुलकी काढली. वरातीत हेच तर शिकले: लोक नाचायला थांबले की आपण झोपून घ्यायचं.

यास्मीननं बोलावलेले गुरांचे डॉक्टर सुगत तिथं आधीच येऊन थांबले होते. त्यांनी दोघांच्या छातीला नळी लावली. "याचं काळीज अजून पळूनच राहिलं. आन् हे तं झोपली!"

मागून गाडीनं आलेले अब्बा पुटपुटले, "पन भोवरा?"

"भोवऱ्याले ठोके नसतात, चाचा."

सुलतान परत गेला. पोर आहे बिचारं, त्याचा काय दोष! पण अब्बा दारात आडवे उभे राहिले. "दौडीले इलेच ने. पन माह्या घरी बांधू नको."

यास्मीननं लगाम वळवला. मला घेतलं आणि थेट शेजारच्या जयवंताबाईच्या भाजीच्या वाडीत नेलं.

"आन इकडे, पोरी," जयवंताबाई म्हणाली. "माह्या घरी रडाले फुरसत कोनाले हाय?"

तेव्हापासून मी इथं मेथीच्या वाफ्याशेजारी उभी असते. पहाटे यास्मीन येते, आम्ही पळून येतो. दौड थंडीत आहे.

आणि संध्याकाळी अब्बा येतात. भाव विचारायला, म्हणे! मुठीत भिजवलेले हरभरे असतात. हात माझ्याकडे, तोंड भिंतीकडे, भोवरा दिसू नये म्हणून.

"रहमतभाऊ, घोडीले चारून राहिले का भिंतीले?"

"मेथी पाहून राहिलो, बाई."

वाचकहो, घोडा निवडायचा तर पळवा, थांबवा, मग छातीला कान लावा. नसेलच पटत, तर खुशाल तोंड फिरवा. मूठ तेवढी उघडी ठेवा. आणि हरभरे रात्रीच भिजत घाला. काल दोन दाताला कडक लागले.