इडवलची साडेतीन बोटं

माझा धाकटा भाऊ इडवल सोळाव्या वर्षी पत्र्याच्या कारखान्यात लागला, आणि तिसऱ्याच महिन्यात डाव्या हाताच्या अनामिकेचं अर्धं बोट कातरयंत्रात देऊन घरी आला. डॉक्टर म्हणाले, गिटार विसरायची. त्यानं डॉक्टरांनाच विसरायचं ठरवलं.

मी आमच्या खाणगावातल्या चॅपेलमध्ये, म्हणजे छोट्या चर्चमध्ये, ऑर्गन वाजवते. कुणाकडे शिकले वगैरे नाही. आधीच्या बाई वारल्या आणि त्या बाकावर बसायला दुसरं कुणी तयार होईना, एवढंच. त्या हिवाळ्यात मी स्वयंपाकघरात कणीक मळता मळता प्रार्थनागीतं गुणगुणायची आणि तो ती उरलेल्या साडेतीन बोटांवर बसवायचा. बोट पोचायचं नाही तिथं तो तार दाबून तशीच वर सरकवायचा. जिना सोडून पोरानं कठड्यावरून घसरत यावं, तसा यायचा त्याचा सूर. त्या घसरण्यावरून मी त्याला शंभरांत ओळखलं असतं.

लंडनच्या एका बँडनं त्याला घेतलं ते १९७२ साली. चंदेरी विजार, टाचांचे बूट, पापण्यांवर निळा रंग. जाकिटावरच्या टिकल्या मीच शिवल्या, चारशे बारा.

"आमच्या वेळी एवढं चमकायला मासा असावं लागायचं," हेडनमामा म्हणाला. आईचा हा भाऊ. चॅपेलमधला सगळ्यात मोठा आवाज त्याचाच.

"चमकू दे," आई म्हणाली. "इस्त्री तरी बरी केलीय."

पुढच्या वर्षी रेकॉर्ड निघाली. शनिवारी दुपारी इडवल ती घेऊन आला. बाहेरच्या खोलीत सगळी गल्ली जमली होती, तव्यावरचे गोड केक फिरत होते. गाण्याच्या मध्यावर गिटार एकटी वाजायला लागली आणि डब्यातून वाटाणे ओतावेत तसे सूर पडले, गोल, सुटे, भराभर. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी ऐकत होते. हा चार धड बोटांचा हात होता.

मी इडवलकडे पाहिलं. तो फिरत्या तबकडीकडे बघत होता. त्यालाही हे आत्ताच कळत होतं.

स्वयंपाकघरात मी त्याला गाठलं. "हे तू नाहीस."

"हळू बोल."

"मग कोण आहे?"

"मला काय माहीत! मी वाजवून घरी आलो, मागून रेकॉर्डवाल्यांनी माझं पुसून दुसऱ्या कुणाकडून वाजवून घेतलं. आणि बँडमधल्या पोरांना ठाऊक होतं, नेस्ता. परवा माझ्या गळ्यात पडून सांगत होते, काय वाजवलंयस म्हणून."

"मग जाऊन भांड ना."

"आईला काय सांगू?" त्यानं खिडकीतून दाखवलं. आई रस्त्यात उभी राहून दूधवाल्याला रेकॉर्डचं वेष्टण दाखवत होती, आणि दूधवाला बिचारा तिसऱ्यांदा बघत होता. "कुणाला बोलायचं नाही. शपथ घे."

मी पिठाच्या हातानं शपथ घेतली.

मग दोन वर्षं तो टीव्हीवर त्या परक्या सुरांवरून खोटी बोटं फिरवत राहिला. इकडे चॅपेलमधल्या माझ्या रविवारच्या गाण्याच्या वर्गातली मुलं मागं लागली. "मिस प्रोबर्ट, ते गिटारचं लिहून द्या ना!" आमच्याकडे मुलांना अक्षरांच्या आधी डो-रे-मीची स्वरलिपी येते. मी चार संध्याकाळी रेकॉर्डला कान लावून बसले आणि सगळं फळ्यावर लिहिलं. वर्गात अकरा मुलं यायची, ती चाळीस झाली. खरं सांगायचं तर मला ते फार आवडलं. नाताळपर्यंत मुलांकडून ते आयांकडे गेलं, आयांकडून खाणीतल्या पुरुषांकडे, आणि गाव ते चार आवाजांत गायला लागलं.

बँड फुटला. १९७८ साली इडवलनं स्वतःच्या नावानं रेकॉर्ड काढली. मला पत्र आलं: "यातलं प्रत्येक बोट माझं आहे. पहिल्यांदा आपल्या हॉलमध्ये वाजवणार. तिथं तरी माझा हात ओळखतील."

मे महिन्यातला शनिवार होता, दुपारचे तीन. आई नवी टोपी घालून पहिल्या रांगेत बसली होती. नव्या गाण्यांना लोकांनी पाहुण्याला वाजवाव्यात तशा टाळ्या वाजवल्या. मग इडवलनं ते जुनं गाणं काढलं. मधला तुकडा आला आणि त्यानं स्वतःचा वाजवला, लंडनला पुसलेला. पाच वर्षांनी तो सूर पुन्हा कठड्यावरून घसरत आला. माझे डोळे भरले.

"अरे इडवल, चुकतोयस!" हेडनमामा मागून ओरडला आणि त्यानं रेकॉर्डवरचा बरोबर सूर धरला.

आमच्याकडे गाताना कुणी अडखळलं तर हसत नाहीत. शेजारचे आवाज चढवतात आणि त्याला उचलून नेतात. चारशे माणसांनी त्याला उचललं. डो-रे-मी, चारही आवाज, एक सूर इकडचा तिकडे नाही. गिटार ऐकू येईनाशी झाली. इडवलनं तारांवरचा हात काढला आणि त्यांचं संपेपर्यंत उभा राहिला.

"हे कुणी शिकवलं तुम्हाला?" त्यानं माइकवर विचारलं.

"नेस्तानं!" अख्खा हॉल म्हणाला. आई तर उठून उभी राहिली आणि अभिमानानं माझ्याकडे बोट दाखवलं.

मागच्या खोलीत तो कोल्ड क्रीमनं पापण्यांचा रंग पुसत होता.

"मुलं फार मागं लागली होती रे."

"दुसऱ्या ओळीत तू सो लिहिलायस, तो फा आहे." तो आरशातच बघत होता. "दोन वर्षं त्यावर बोटं नाचवलीत, मला पाठ आहे."

"इडवल..."

"त्यांनी मला पुसलं, ते परके होते. तुला माझा हात माहीत होता. आणि तू त्या दुसऱ्याचं लिहिलंस."

आईनं घरी चहा मांडला होता. तो पाचच्या बसनं गेला.

आता नाताळला आईच्या नावे एक कार्ड येतं, बस. गेल्या महिन्यात मी त्याची रेकॉर्ड लावून फळ्यासमोर उभी राहिले. दोन सुरांच्या मध्ये तो घसरतो, त्याला आमच्या लिपीत खूण नाही. मी खडूची एक तिरपी रेघ ओढली.

"मिस, हे कसं गायचं?" मुलांनी विचारलं.

"मला येत नाही," मी म्हटलं.

ज्याला येतं त्याचा पत्ता आईकडे आहे. तो मी अजून मागितलेला नाही. मागितला, तर कशाला हवाय तेही तिला सांगावं लागेल, आणि मी शपथ घेतलीय.