चौदा ओळींचं पत्र

मित्रांनो, मी एक जुना कीबोर्ड आहे. मित्रांनो म्हणायची पद्धत आहे म्हणून म्हणतो. बोटं असलेल्या कुणाशीही मैत्री करायची माझी आता मुळीच इच्छा नाही.

मला ताईने आणलं. तिच्या धाकट्या भावाला लेखक व्हायचं होतं, म्हणून तिने मला खिडकीजवळच्या टेबलावर मांडलं आणि रोज सकाळी फडक्याने पुसलं. भाऊ दिवसभर चष्म्याच्या दुकानात काचा घासायचा आणि संध्याकाळी माझ्यावर कादंबरी लिहायचा. चार वर्षं त्याने मला बडवलं, मी हूं की चूं केलं नाही. आमच्या घरात पुस्तक होतंय, असं ताई शेजारणीला माझ्याकडे बोट दाखवून सांगायची. तेव्हा बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू?

कादंबरी एका प्रकाशनाकडे गेली. पाच महिन्यांनी, सुट्टीच्या दिवशी दुपारी, संपादकबाईंचं पत्र स्क्रीनवर आलं. चांगल्या चौदा ओळी होत्या. आमच्या शहाण्याने एकच वाचली, 'या स्वरूपात कादंबरी स्वीकारता येत नाही.' झालं, टाळकं सटकलं. ती ओळ उचलून त्याने नवोदित लेखकांच्या ग्रुपवर टाकली, बाईंचं नाव टाकलं आणि यांना अक्षरओळख तरी आहे का, असं माझ्याकडून लिहून घेतलं. तासाभरात दोनशे जणांनी टाळ्या पिटल्या. बाईंनी ज्यांना कधी ना कधी नकार दिला होता, ते सगळे त्यांच्यावर तुटून पडले. हा एकेकाचे आभार मानत बसला. मला त्याची किळस आली, आणि अक्षरं माझीच होती म्हणून माझीही.

तेवढ्यात ताई चहा घेऊन आली. तिने पत्र खालपर्यंत वाचलं आणि शेवट त्याला मोठ्याने ऐकवला.

"शेवटची दोन प्रकरणं पुन्हा लिहून महिन्याभरात पाठवा. हे पुस्तक आम्हाला करायचं आहे."

त्याने घाईघाईने पोस्ट काढून टाकली. तोवर तिचे स्क्रीनशॉट बाईंच्या फोनवर पोहोचले होते. मग माफीचं लांबलचक पत्र झालं. दुसऱ्या दिवशी बाईंचं उत्तर आलं.

"माफी मिळाली. कादंबरी चांगलीच आहे. पण पुस्तक करायचं म्हणजे वर्षभर तुमच्याशी बोलत राहावं लागेल, आणि मला तुमच्याशी बोलायचं नाही."

हे मात्र त्याने शेवटपर्यंत वाचलं. मग माझ्यावर मूठ आदळली. माझी तीन बटणं उडाली आणि मी कपाटात, बुटांच्या खोक्यात गेलो. जणू ती पोस्ट मीच लिहिली होती!

शाळेच्या निबंधांतले माझे जातभाई शेवटी आम्हाला जपा म्हणून हात जोडतात. मला नका जपू. आलेलं पत्र तळापर्यंत वाचा. राग आला तर हवं ते लिहा, पण पाठवण्याआधी घरातल्या एका शहाण्या माणसाला दाखवा. एवढंही जमणार नसेल, तर आम्हाला हात लावू नका.

त्याला मी माफ केलेलं नाही. पण ताई अधूनमधून खोकं उघडते, मला पुसते, तीन बटणांच्या रिकाम्या जागाही पुसते, आणि झाकण लावते. शेजारीण अजून विचारते, पुस्तक कधी येतंय? येईल, म्हणते ताई.