नात्याचा रकाना

पौर्णिमाला तो ईमेल आला तेव्हा ती वर्ध्याला नालवाडीच्या आपल्या खोलीत वरणाला फोडणी देत होती. वाचून होईस्तोवर लसूण जळून कोळसा झाला.

ईमेल पुण्याच्या शिष्यवृत्ती कार्यालयाचा होता. संशोधन आणि नेतृत्व करणाऱ्या पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी ती शिष्यवृत्ती. शिक्षणाचा सगळा खर्च, वर उन्हाळाभर मोठ्या प्रयोगशाळेत काम. तिच्या कॉलेजातून अर्ज सहा जणांनी केले होते आणि पहिल्या चाळणीत ही एकटी टिकली होती. आता मात्र लिहून आलं होतं की, शिफारस करणाऱ्या व्यक्तीने आपण अर्जदाराची आत्या असल्याचे नमूद केले आहे, नातेवाइकाची शिफारस चालत नाही, आणि शिफारसकर्ता आता बदलता येणार नाही. काही चूक झाली असल्यास त्याच व्यक्तीच्या सहीचा खुलासा शुक्रवारी पाचपर्यंत पाठवावा. नाहीतर अर्ज बाद.

तो दिवस बुधवार होता.

चूक झाली होती खरी, पण कोणाच्या माथी मारावी अशी नव्हती. अर्जात विचारलं होतं, तुमचं नेतृत्व काय? पौर्णिमा आठ दिवस डोकं खाजवत बसली. कधी वर्गाची प्रतिनिधी नाही, कधी भाषण नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो असा. तिची आई सीताबाई ज्या बायांच्या टोळीत निंदायला, कापूस वेचायला जाते, त्या टोळीतल्या एकेचाळीस बायांची वही पोरीच्या पेटीत पडून होती. फवारणी झाल्यावर कितव्या दिवशी शेतात शिरलं तर कोणाचे डोळे जळतात, कोणाच्या हातावर पुरळ येतं, कोणाला मळमळतं, हे तिनं दोन हंगाम घरोघरी विचारून लिहून ठेवलं होतं. आणि त्यावरूनच गावात रीत पाडली होती: फवारलेल्या शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, लाल चिंधी बांधायची, आणि ती सुटेपर्यंत टोळीनं आत पाऊल टाकायचं नाही. चिंधी कोणत्या दिवशी सोडायची, तेही वहीवरूनच ठरायचं.

हे सगळं डोळ्यांनी पाहिलेलं माणूस म्हणजे टोळीची मुख्य तानाबाई. शिफारसपत्र कोणत्याही भाषेत चालणार होतं. तानाबाईनं ते चौथीपर्यंतच्या अक्षरात, जीभ बाहेर काढून लिहिलं, आणि खाली 'अर्जदाराशी संबंध' या रकान्यात लिहून टाकलं: आत्या. पौर्णिमानं तो कागद पाठवण्याआधी तीनदा वाचला होता. तीनदा वाचूनही तिला त्यात काही खटकलं नाही. जन्मापासून जे ऐकलं ते कसं खटकणार?

कारण तानाबाई तिची आत्या होती आणि नव्हतीही. पौर्णिमाचा बाप बाबाराव याला बहीण नाही. पोरीच्या नामकरणाला बुद्धवंदना झाली, खीर शिजली, आणि कानात नाव सांगायला आत्याच मिळेना. शेजारच्या आळीतली तानाबाई पाळणा पाहायला म्हणून आली होती. जात वेगळी, देव्हारा वेगळा. पण ती पदर खोचून म्हणाली, "मी होतो आत्या. आना ते पोट्टी इकडं." कानात नाव सांगितलं, रीतीप्रमाणे पोरांचे धपाटे पाठीवर खाल्ले आणि खीर चाटूनपुसून खाल्ली. तिच्या भावकीतल्या चार बायांनी महिनाभर तिच्याशी बोलणं टाकलं. तेवढाच महिना शांततेत गेला, असं ती अजून सांगते. तेव्हापासून दरवर्षी बाबाराव तिच्या घरी लुगडं नेतो, आणि ती "काऊन आनलं, बापा?" म्हणत दुसऱ्याच दिवशी नेसते.

गुरुवारी सकाळी पौर्णिमानं वर्ध्यातच खुलासा टाइप करून घेतला. चारच ओळी. 'श्रीमती तानाबाई यांचे व अर्जदाराचे कोणतेही नाते नाही. आत्या हा शब्द अनवधानाने लिहिला गेला.' हिंगणघाटच्या एसटीत बसून तिनं त्या कागदाची घडी चार वेळा घातली आणि चार वेळा उघडली. मनात एक हलकट विचारही आला, आणि तो लपवण्यात अर्थ नाही: आत्या न वाचता सही करेल तर किती बरं.

हिंगणघाटजवळच्या गावी, घरी, सीताबाईनं कागद ऐकला आणि चुलीपुढून उठलीच नाही.

"दुसरं कोणी नाई चालत?"

"नाई चालत, माय."

"मंग तूच जाय," सीताबाई म्हणाली. "मले ते तिच्यापुढं वाचवत नाई."

टोळी त्या दिवशी ओढ्याकाठच्या शेतात वेचत होती. तानाबाईनं लांबूनच पौर्णिमाला पाहिलं आणि कमरेची कापसाची ओटी सावरत धुऱ्यावर आली.

"काय वं, गुरुवारची कशी? कॉलेज सोडलं का काय?"

"सही पायजे होती, आत्या. एका कागदावर."

"आन."

पौर्णिमानं कागद दिला, पेन दिला, आणि दुसरीकडे पाहू लागली. पण तानाबाई न वाचता सही करणाऱ्यांतली नव्हतीच. तिनं बोट ठेवलं आणि एकेक अक्षर जुळवत ती वाचायला लागली. 'कोणतेही' वर बोट थांबलं. 'नाते' वर थांबलं. 'नाही' वर आलं आणि तिथून हललंच नाही.

"हे तू लेहलं?"

पौर्णिमाला रडू आलं. तिनं सगळं सांगितलं: रकाना, नियम, शुक्रवारचे पाच. तानाबाई ऐकत होती आणि बोंडांनी चिरलेली बोटं लुगड्याला पुसत होती.

"म्हंजे मी तुही आत्या असन, तं माहं बोलनं खोटं?"

"तसं नाई, आत्या. त्यायले वाटते, नातेवाईक मानूस बढवून सांगते."

"बढवून!" तानाबाई उसळली. "चिंधी बांधली तवा पह्यली शिवी तुले कोनं देल्ली?"

"तुमीच."

"मंग?"

पौर्णिमानं तिच्या हातातून कागद काढून घेतला. वीस वर्षांत तिला इतकी लाज कधी वाटली नव्हती. ज्या बाईनं नाव दिलं तिच्याच हातून ते नातं खोडून घ्यायला ती एसटीचं तिकीट काढून आली होती. "राहू द्या, आत्या," ती म्हणाली. "नाई पायजे मले ते शिष्यवृत्ती." आणि तिनं कागद उभा फाडला. हे बोलणं अगदी मनापासूनचं होतं.

"येडी झाली का?" तानाबाई खेकसली. "राहू काऊन द्या? वहीचं पान दे. ह्या छापील कागदावर मी खोटी सही करत नाई, एवढंच. माह्यं मी लेहतो."

अर्धा तास टोळीची मुख्य धुऱ्यावर बसून लिहीत होती आणि बाकीच्या बाया कापूस सोडून माना वर करकरून पाहत होत्या. शेवटी तिनं पान पौर्णिमाच्या हातात दिलं.

'मायबाप साहेब, माहं आन पौर्णिमाचं रक्ताचं नातं नाई. जात येगळी, घर येगळं. तिच्या बापाले बहीन नवती म्हून मी झाली आत्या. तिचं नाव तिच्या कानात मी सांगतलं. पन पोरीनं लाल चिंधी बांधली तवा मी तिले भर रस्त्यात शिव्या देल्ल्या, का आमची मजुरी बुडवते म्हून. ते आयकून गेली आन दुसऱ्या दिवशी वही घेऊन पुना दारात. माहे डोये चार वर्सं जयत होते. आता जयत नाई. हे मी आत्या म्हून नाई सांगत, डोयानं सांगतो. रकान्यात काय लेहाचं ते तुमी लेहा. मी खोडत नाई. तानाबाई.'

पौर्णिमानं तिथूनच फोटो काढून पाठवला. बापरे, या अशा पत्रानं काय व्हायचं, असं तिला वाटलं. पण छातीवरचा धोंडा मात्र उतरला होता.

शुक्रवारी पाच वाजले, सहा वाजले, काही नाही. शनिवार, रविवार गेले. सोमवारी दुपारी फोन आला. कार्यालयातल्या मॅडम होत्या.

"खुलासा मिळाला. समितीत मोठ्यानं वाचला. दोनदा." मग त्यांनी निर्णय सांगितला. "रक्ताचं किंवा कायद्याचं नातं नाही, त्यामुळे शिफारस ग्राह्य धरली आहे. वीस तारखेला पुण्यात मुलाखत. सोबत एक नातेवाईक आणता येईल, प्रवासखर्च आम्ही देऊ. त्याचा फॉर्म पाठवते. आणि तुमच्या आत्यांना नमस्कार सांगा."

बाबारावला हंगामात कापसाच्या जिनिंग कारखान्यातून सुट्टी मिळत नाही. सीताबाईला हिंगणघाटपर्यंतसुद्धा गाडी लागते. तिनं फोनवर ऐकलं आणि स्वतःच म्हणाली, "मी आली तं रस्ताभर ओकत येईन, तुही मुलाखत राहीन बाजूले. जिनं नाव ठेवलं, तिलेच ने."

फॉर्ममध्ये दोनच ओळी होत्या. सोबत येणाऱ्या नातेवाइकाचे नाव. नाते. पहिल्या ओळीत पौर्णिमानं तानाबाईचं पूर्ण नाव लिहिलं. दुसऱ्या ओळीवर तिचा हात क्षणभर थांबला. मग तिनं लिहिलं, आत्या, आणि फॉर्म पाठवून दिला.